मालिकेच्या जुगारात नाल काढणारा का दिसत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. खाली नाव नाही, पण भाषा आपल्याकडचीच आहे. म्हणणं थोडक्यात असं: मालिकांत आणि वेब सिरीजमध्ये दाखवतात तो पोकर, ते तीन पानी अगदी खरं असतं, कारण लिहिणारे जाणकारांना विचारून लिहितात. मोठ्या डावाला मोठीच पानं लागतात. खरा खेळाडू पानांवर नाही, समोरच्याच्या तोंडावर खेळतो. घर-शेत एका रात्रीत जातं ते तसंच जातं. धाडही तशीच पडते. आणि हे सगळं घरबसल्या बघून पोरं आपोआप शहाणी होतात. खाली 'पटलं तर पुढं पाठवा'. मला पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता उत्तर लिहितोय.

पहिली गोष्ट पानांची. मालिकेत पोकरचा डाव मांडला की एकाकडं फुल हाउस (तीन सारखी आणि वर एक जोडी), दुसऱ्याकडं चार गुलाम आणि शेवटी नायक इस्पिकची सलग पाच पानं उलगडतो. आता हिशेब बघा. होल्डेम पोकरमध्ये हातात दोन पानं आणि मधे सगळ्यांची मिळून पाच. या सातांतून पाचांचा हात बनवायचा. सातही पानं बघायला मिळाली तरी फुल हाउस शंभरात अडीच वेळा लागतो. चार सारखी पानं ५९५ डावांत एकदा. दश्शीपासून एक्क्यापर्यंत एकाच रंगाची पाच, म्हणजे रॉयल फ्लश, ३०,९४० डावांत एकदा. पानं हातानं वाटली तर टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. एकही डाव न सोडता बसलात तरी रॉयल फ्लशला सरासरी हजार तास लागले. नुसते दोन एक्के हातात यायचे तरी २२१ डावांत एकदा, म्हणजे सात-आठ तासांत एकदा.

तीन पानीत तर गणित आणखी उघडं आहे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यातल्या १६,४४० हातांत काहीही नसतं: जोडी नाही, रंग नाही, सिक्वेन्स नाही. म्हणजे चारातले तीन हात 'राजा टॉप, खाली नव्वी-चव्वी' असलेच. ट्रेलचे, म्हणजे तीन सारख्या पानांचे, हात फक्त ५२. आणि प्युअर सिक्वेन्सचे, म्हणजे एकाच रंगाच्या सलग तीन पानांचे, ४८, ट्रेलपेक्षाही कमी! तरी नियमानं ट्रेलच वरचा. खेळाची उतरंडच गणिताला धरून नाही, ही गंमत जाणकाराला विचारून लिहिणाऱ्या एखाद्या लेखकाला तरी सुचायला हरकत नव्हती.

यावर उत्तर येणार, मला माहीत आहे: मालिकेत रंगलेलेच डाव दाखवणार, फिकट डाव कशाला दाखवतील? बरोबर आहे. मधली पाच पानं सगळ्यांची असल्यानं दोघांकडं एकदम जोरदार हात बनणं अशक्यही नाही. पण पोकरमध्ये बरेचसे मोठे पैसे जातात ते दोन जोड्यांपुढं एक जोडी हरते तेव्हा, किंवा कुणीच पानं न दाखवता एकजण कंटाळून हात टाकतो, म्हणजे डाव सोडतो, तेव्हा. खऱ्या स्पर्धांचंही प्रक्षेपण फार काळ फिकंच होतं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या एका वाहिनीनं टेबलाखालून खेळाडूंची झाकली पानं दाखवणारे कॅमेरे बसवले आणि मग प्रेक्षक टिकले. नाट्य पानांत कमी आणि कॅमेऱ्यात जास्त होतं, असाच त्याचा अर्थ.

आता तोंड वाचण्याचं. नायक समोरच्याच्या पापणीकडं बघतो, संगीत वाढतं आणि कळतं की हा थापा मारतोय. पोकर गंभीरपणे खेळणारे पापणीपेक्षा पैशाकडं बघतात: हा माणूस कुठल्या वेळी किती लावतो, मागच्या तीन डावांत काय लावलं होतं, कुणाच्या नंतर बोलतोय. शिवाय थाप मारायची तर समोरचा हात टाकणारा पाहिजे. जो काही झालं तरी शेवटपर्यंत येतो, त्याच्यापुढं जगातला कुठलाही बेरकी चेहरा वाया.

आणि आपल्याकडच्या तीन पानीत तर हा मुद्दाच निकालात निघतो. दिवाळीत माडीवर डाव बसतो तो बघा. निम्मे लोक 'ब्लाइंड' खेळत असतात. पानं न बघता चाल लावली तर कमी पैसे, बघितली की दुप्पट. म्हणून जो तो जमेल तितका वेळ पानं पालथी ठेवतो. ज्यानं स्वतःची पानं स्वतःच बघितली नाहीत, त्याच्या तोंडावर तुम्ही काय वाचणार? सर्वोच्च न्यायालयानं १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला, म्हणजे आपल्या तीन पानीलाच, निव्वळ नशिबाचा. हे सिकंदराबादच्या एका क्लबाचं प्रकरण होतं, आणि तो क्लब एखाद्या मालिकेत चालला नसता इतका साधा होता.

पैसे लावण्याच्या पद्धतीबद्दल तर बोलायलाच नको. 'तुझे हजार, आणि वर माझे पाच हजार' असं म्हणत दोनदा हात पुढं करायचा, चिपा, म्हणजे पैशाऐवजी वापरायच्या चकत्या, ढिगाऱ्यावर उधळायच्या. कुठल्याही धड पोकर टेबलावर वाटणारा माणूस तिथंच थांबवेल: पहिलं बोललात तेवढंच धरलं जाईल. मग घड्याळ, गाडीची किल्ली आणि शेवटी घराचे कागद. खऱ्या टेबलावर डाव सुरू होताना समोर जेवढे पैसे आहेत तेवढ्यावरच खेळ. ते संपले तर तुम्ही तेवढ्यापुरते डावात राहता, बाकीच्यांचे वरचे पैसे वेगळ्या ढिगात जातात. समोरच्यानं कोटी लावले म्हणून तुम्हाला डाव सोडावा लागत नाही, आणि सातबारा टाकायची सोयही नसते.

मला तर वाटतं आपल्या मालिका पोकर दाखवतच नाहीत. त्या महाभारतातलं सभापर्व दाखवतात. पणावर पण चढत जातो, मर्यादा नाही, रत्नं, राज्य, भाऊ, स्वतः आणि मग द्रौपदी. पणाला लावायचं धन दुर्योधनाचं आणि फासे शकुनीचे. पोकरमध्ये एका हाताला एकच खेळाडू, मामाला बसवता येत नाही. युधिष्ठिराला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही, हे शकुनी आधीच सांगून मोकळा होतो. १९८८ मध्ये दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी आपल्या गल्ल्या ओस पडायच्या. ती द्यूतसभा डोक्यात इतकी बसली आहे की आजही लेखक चिपा आणि हिरवं कापड आणतो आणि डाव मात्र हस्तिनापूरचाच लिहितो. नाटक म्हणून मला ते मान्य आहे. वास्तव म्हणून नाही.

एका रात्रीत सगळं जातं, हा त्या मजकुरातला सगळ्यात चलतीचा मुद्दा, आणि सगळ्यात चुकीचा. कारण त्यात ज्याच्याकडं पैसे जातात तो माणूसच दिसत नाही. मालिकेत एक हरतो, दुसरा जिंकतो, पैसे या खिशातून त्या खिशात. प्रत्यक्षात अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून नाल, म्हणजे स्वतःचा वाटा, काढतो. समजा सहाजण बसले, प्रत्येकाकडं हजार, एकूण सहा हजार. सरासरी डाव चारशेचा आणि नाल शेकडा पाच, म्हणजे डावाला वीस रुपये. तासाला पंचवीस डाव, पाचशे रुपये. सहा तासांत तीन हजार. टेबलावरचे निम्मे पैसे उठून गेले, आणि ते कुणी चांगलं खेळल्यानं गेले नाहीत, कुणी वाईट खेळल्यानंही नाही. उरलेल्या निम्म्यांत सहाजण एकमेकांना हरवतात. उधारी देणारा तिथंच बाजूला बसलेला असतो, तो वेगळा. एवढं सगळं कुणी डोळे न विस्फारता, बिडी ओढत, कंटाळत होतं.

मटक्याचंही तेच. न्यूयॉर्कहून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडे लागायचे, ते १९६१ मध्ये बंद पडलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. पडद्यावर 'मटका किंग' आणि त्याच्या गाड्या दिसतात. आपल्याकडं मटक्याला ओसी म्हणतात आणि तो एका वहीत मावतो. एक आकडा लागायची शक्यता दहात एक, मिळतात साधारण रुपयाला नऊ. दोन आकड्यांची जोडी शंभरात एक, मिळतात साधारण नव्वद. दहावा हिस्सा चिठ्ठी फाडतानाच गेला. दहा-वीस रुपयांच्या चिठ्ठ्यांवर मालिकेचा भाग कोण काढणार?

चोर्ला घाट उतरून मांडवीतल्या कॅसिनोत जाणाऱ्यांनाही हेच लागू. गोव्यानं १९९६ मध्ये कायदा बदलून जहाजावरच्या टेबल खेळांना वाट दिली. तिथं रूलेच्या चाकावर एक शून्य असेल तर शेकडा २.७ कॅसिनोचे, दोन शून्यं असतील तर ५.२६. नायकाला हरवायला तिथं खलनायक लागतच नाही.

धाडीचा मुद्दा थोडक्यात. सायरन, बंदूक, 'कुणीही हलायचं नाही', असलं काही नाही. स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी येतात: शिवारात किंवा देवळामागं उघड्यावर अंदर-बाहर खेळताना इतकेजण सापडले, इतकी रोकड, बावन्न पानं जप्त, कर्नाटक पोलीस कायदा १९६३ खाली गुन्हा. पोकर बहुतेक नसतोच, अंदर-बाहरच असतो. त्यात ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू १०० पैकी ५१.५ वेळा जिंकते. शिकायचं एवढंच. अस्तनीतून एक्का काढणारा माणूसही तिथं क्वचितच. फसवणूक होते ती दोघं-तिघं आतून मिळालेले असतात म्हणून, आणि ते एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत.

राहिलं पोरं शहाणी होण्याचं. २०२५ पर्यंत त्याच मालिकेच्या मधल्या ब्रेकमध्ये रमीच्या ॲपची जाहिरात यायची, शेवटी घाईघाईत 'जबाबदारीने खेळा'. कर्नाटकानं २०२१ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच, कौशल्य असो की नशीब, जाहिरातींसकट बंदीचा कायदा केला. पोरगं मालिका बघून शहाणं होत असतं तर या भानगडीची गरज पडली नसती. मालिकेतून त्याला एकच कळतं, की नायक हात टाकत नाही. भरल्या टेबलावर चांगला पोकर खेळणारा मधली पानं उघडायच्या आधीच चारातले तीन हात टाकून देतो आणि बसून राहतो. नायकानं 'पॅक' म्हणून पानं सरकवली, चहा मागवला आणि पुढचे वीस डाव नुसते बघितले, असा भाग लिहून वाहिनीकडं नेऊन दाखवा, काय उत्तर येतं ते त्या ग्रुपवर टाका.