काहीबी टाका, इंग्रजीत पाहिजे फक्त

“काका, कव्हर लेटर लागायलंय. आर्जंट.”

“कंपनी कुठली?”

“वाळूजची हाय.”

“जागा कशाची?”

“ते जाहिरातीत असंल बघा.”

“बरं. लिहू काय?”

“काहीबी टाका. इंग्रजीत पाहिजे फक्त.”

नोकरीच्या अर्जासोबतचं हे पत्र मागणारं आज सकाळपासून हे चौथं पोरगं. चौथं! जिंतुरात झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असा बोर्ड लावून बसलोय मी. ‘मनातलं ओळखून मिळेल’ असं त्या बोर्डावर कुठंच लिहिलेलं नाही.

पोलीस भरतीचा फॉर्म असता तर हेच पोरगं डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर सगळं फायलीत लावून आलं असतं. उंची १६५, छाती न फुगवता ७९, फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, हे आकडे झोपेत विचारले तरी सांगतात. आणि ज्या कंपनीत दिवसाचे बारा तास उभं राहायचंय, तिथं आपण कशासाठी चाललोय ते काय, तर ‘असंल बघा’.

व्हॉट्सॲपवर एक नमुना हिंडतोय. सगळ्यांकडं तोच. “आय ॲम अ हार्डवर्किंग, डायनॅमिक अँड रिझल्ट ओरिएंटेड पर्सन.” एकानं शेवटी ‘युवर नेम हिअर’ तसंच ठेवून पाठवलं. दुसऱ्यानं शेंद्र्याच्या कंपनीला लिहिताना चाकणच्या कंपनीचं नाव तसंच राहू दिलं आणि वर लिहिलं की तुमच्याकडं काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. कंपनी बेअरिंगच्या रिंगा बनवते! कुठल्या लेकराला बेअरिंगच्या रिंगांची स्वप्नं पडतात? ईमेलचा पत्ता ‘किलर बॉय’, विषयाची ओळ रिकामी, जोडलेल्या फायलीचं नाव ‘डॉक्युमेंट ३’. उघडणारा कशाला उघडंल ती?

आणि ज्यांना नमुना सापडत नाही, ते “विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट” पासून सुरू करतात. हे आठवीतलं आहे. ताप आला होता, दोन दिवसांची सुट्टी द्या, तो अर्ज. शाळेत पत्रलेखन म्हणजे काय होतं? उजवीकडं पत्ता, तारीख, मायना, आणि मधला मजकूर गाईडमधला, अख्ख्या वर्गाचा एकच. चाळीस पोरांचा ताप एकाच शब्दांत उतरायचा. पत्रात आपलं स्वतःचं काहीतरी असतं, हे कुणी कधी सांगितलंच नाही. मागायचं शिकवलं, सांगायचं नाही.

कंपन्यांचंही कौतुक करायला नको. मशीनवर उभा राहणारा माणूस पाहिजे, पगार पंधरा-सोळा हजार, तोही ठेकेदारामार्फत, आणि जाहिरातीत म्हणे ‘आमच्याकडं का यायचंय ते लेटरात मांडा’. का यायचंय? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास बोली लागत होती, म्हणून यायचंय! हे चालंल का लिहिलेलं? चालत नाही. मग पोरगं स्वप्नं लिहितं.

पण आता कंपनीनं मागितलंच आहे तर मागितलंय. मग पोरांनो, नीट लिहा ना! बायोडेटा वेगळा, लेटर वेगळं. शाळा, टक्के, जन्मतारीख हे सगळं बायोडेटात गेलं; तेच पुन्हा लेटरात ओतलं तर वाचणाऱ्यानं एकच जेवण दोनदा का जेवावं? जाहिरात समोर ठेवायची. तिच्यात काय मागितलंय? सीएनसी टर्निंग (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), ड्रॉइंग वाचता येणं, मोजमाप. मग ह्या तिन्हीला उत्तर द्यायचं: मी हे केलंय, इथं केलंय, इतके दिवस केलंय. कुठल्या जागेसाठी लिहितोय ते पहिल्याच ओळीत. कधीपासून येऊ शकतो ते शेवटच्या ओळीत. एका पानाच्या आत. पान भरलंच पाहिजे असा काही सरकारी नियम नाही.

तर ह्या चौथ्याला मी खुर्चीवर बसवला. म्हटलं, आज सोडतच नाही.

“डिप्लोमानंतर काय केलं?”

“काही नाही. अप्रेंटिस होतो वर्षभर, वाळूजलाच.”

“तिथं काय करायचास?”

“काही नाही. मशीनवर उभा राहायचो.”

“कोणती मशीन?”

“सीएनसी. टर्निंगची.”

“सेटिंग कोण करायचं?”

“सेटर. पण रात्रपाळीला सेटर नसायचा, मग माप सरकलं की ऑफसेट, म्हंजी मापाची दुरुस्ती, मीच द्यायचो.”

“माप कशावर बघायचास?”

“मायक्रोमीटरवर. वीस मायक्रॉनच्या आत बसवावं लागायचं, नाहीतर पीस रिजेक्ट.”

वीस मायक्रॉन! अरे, माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. केसाच्या निम्म्याहून कमी चूक पकडणारं पोरगं, रात्री एकट्यानं मशीन सांभाळणारं, माझ्यासमोर बसून दोनदा ‘काही नाही’ म्हणतंय. माझ्या दुकानातला प्रिंटर सरळ रेघ मारत नाही आणि मी बोर्डावर ‘उत्कृष्ट छपाई’ लिहून बसलोय! मला लाज वाटत नाही, आणि ह्याला सांगायचा संकोच.

एवढ्यात बाहेर बाकड्यावर बसलेले त्याचे वडील आत आले. डोक्याला रुमाल, हातात बी-बियाण्याच्या दुकानाची पिशवी. म्हणाले, “साहेब, त्याला लिवा की, गावातल्या पाण्याच्या मोटारी हाच उतरवतो. विहिरीतून वर काढायची, खोलायची, बेअरिंग बदलायचं, पुन्हा सोडायची. लोकं मिस्त्रीला बोलवत न्हाईत आता.”

“पप्पा, तुम्ही गप बसा बरं.”

का गप बसा? त्या दुकानात तेवढा वेळ कामाचं बोलणारा तो एकच माणूस होता. चार पानं इंग्रजी न शिकलेल्या माणसाला कळलं की समोरच्याला काय सांगायचं असतं, आणि डिप्लोमावाल्याला कळंना.

मी लिहिलं. सोप्या इंग्रजीत, ह्याला स्वतःला वाचता येईल असं. अमुक जागेसाठी अर्ज करतोय. वर्षभर सीएनसी टर्निंगवर काम केलं, रात्रपाळीत ऑफसेट स्वतः दिले, वीस मायक्रॉनच्या आत माप ठेवलं. गावात पाण्याच्या मोटारी खोलून दुरुस्त करतो, त्यामुळं मशीन बंद पडली तर घाबरत नाही. पुढच्या सोमवारपासून येऊ शकतो. सहा ओळी. माझ्या हातून इतकं धड काही महिनोन् महिने निघालं नव्हतं, खरं सांगतो.

पोरानं वाचलं. तोंड बारीक.

“एवढंच? पान भरलं नाही की काका.”

“नाही भरू दे.”

“आन् ते मोटारीचं काढा. गावठी वाटायलंय.”

मी वाद घातला. आवाज चढला माझा. मागं पीक विम्याची पावती काढायला थांबलेल्या दोन बाया गप होऊन बघायला लागल्या. पोरानं मोबाईल काढला, त्यात काहीतरी टाईप केलं आणि पाच सेकंदांत भलंमोठं लेटर माझ्यासमोर धरलं. “आय ॲम थ्रिल्ड.” “प्रोॲक्टिव्ह.” “सिनर्जी.” म्हटलं, सिनर्जी म्हणजे काय रे? म्हणे, “भारी शब्द हाय.” आणि मुलाखतीत हेच विचारलं तर? “तवाचं तवा बघू.” मोटारीची ओळ त्यानं माझ्याच कीबोर्डवर, माझ्यासमोर पुसली. मायक्रॉनही पुसले. खाली हे सगळं चिकटवलं. आता पान भरलं.

प्रिंट दिली, पीडीएफ करून दिली, फायलीला त्याचं नाव दिलं, विषयाची ओळ मीच टाकली. तीस रुपये झाले. वडिलांनी पन्नासची नोट पुढं केली. सुट्टे शोधेपर्यंत पोरगं गाडी काढायला बाहेर गेलं.

“मोटारीचं टाकलं ना साहेब?” ते हळूच म्हणाले.

मी गल्ल्यातले वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि ‘टाकलं’ म्हणालो.