सुइटधारकांसाठी राखीव डेकविषयी आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला सविस्तर अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. इतर वाचकांसाठी त्यातला आशय थोडक्यात सांगतो. आपण आणि आपल्या मेहुण्यांचे कुटुंब आमच्या प्रवास कार्यालयामार्फत एकाच क्रूझवर गेलात. आपण बाल्कनी केबिन घेतली होती, त्यांनी सुइट, म्हणजे जहाजावरची मोठी, महागडी खोली. जहाजाच्या पुढच्या टोकाचा सर्वांत वरचा डेक सुइटधारकांसाठी राखीव असल्याने आपले कार्ड लावून तिथले दार उघडले नाही. मेहुण्यांच्या मुलांबरोबर आपल्या मुलांना सुइटच्या रेस्टॉरंटमध्ये नाश्त्याला बसू दिले नाही. एका संध्याकाळी तर सर्वांसाठी खुला असलेला मागचा डेकही सुइटधारकांच्या समारंभासाठी दोरी लावून बंद करण्यात आला. हा समुद्रावरचा वर्गभेद आहे, आम्ही ग्राहकांना सुइटकडे ढकलतो, तो भेद विकणे आम्ही थांबवावे आणि भाड्याचा काही भाग आपल्याला परत मिळावा, असे आपले म्हणणे आहे. क्रूझ कंपनीचे नाव आपण लिहिलेले नाही, म्हणून मीही ते घेत नाही.

यातल्या दोन तक्रारींशी मी सहमत नाही. तिसरीशी पूर्णपणे सहमत आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर आहे.

वर्गभेदाचा मुद्दा आधी घेतो, कारण या व्यवसायात असलेल्या माणसाने तो टाळणे योग्य नाही. प्रवासी जहाजांचा मूळ इतिहास वर्गांचाच आहे. 1912 मधल्या टायटॅनिकवर तीन वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची जेवणाची दालने व फिरायचे डेक वेगळे होते. 1936 मध्ये सेवेत आलेल्या क्वीन मेरीवरही तीन वर्ग होते. 1958 पासून अटलांटिकवर जेट विमाने नियमित उडू लागली, पलीकडे पोहोचण्यासाठी जहाजाची गरज संपत गेली आणि जहाज हेच सुट्टीचे ठिकाण झाले. त्या बदलातून एक चांगली प्रथा रुजली. केबिन लहान असो वा मोठी, दाराबाहेर पडले की पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, भोजनकक्ष आणि डेक सर्वांना सारखेच. आपली अपेक्षा याच प्रथेतून आलेली आहे आणि ती अवाजवी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

परंतु ही प्रथा गेली वीस वर्षे बदलत आहे. क्युनार्ड या क्रूझ कंपनीने आपल्या ‘ग्रिल’ नावाच्या सुइटच्या प्रवाशांसाठी वेगळी रेस्टॉरंट ठेवण्याची पद्धत कधी सोडलीच नाही. 2005 मध्ये नॉर्वेजियन ज्यूएल या जहाजावर मोठ्या सुइटभोवती खासगी अंगण आणि तलाव आला. पुढे त्याच कल्पनेतून नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर ‘द हेवन’ हा सुइटधारकांचा राखीव विभाग उभा राहिला. 2008 मध्ये एमएससी कंपनीच्या फँटासिया जहाजावर ‘यॉट क्लब’ हा तसाच विभाग सुरू झाला, 2016 मध्ये रॉयल कॅरिबियनने सुइटधारकांचे तीन स्तर केले आणि 2018 मध्ये सेलिब्रिटी एज या जहाजावर ‘द रिट्रीट’ या सुइट विभागाचा स्वतंत्र सनडेक आला. यामागचे कारण जहाजांच्या आकारात आहे. 2024 मध्ये प्रवास सुरू केलेल्या आयकॉन ऑफ द सीजवर प्रत्येक खोलीत दोघे धरले तरी 5,610 प्रवासी असतात. एवढ्या गर्दीत सुइट घेणारा प्रवासी मुख्यतः शांतता विकत घेतो: आरामखुर्चीसाठी सकाळी लवकर उठून टॉवेल टाकून ठेवायला नको, जेवणासाठी रांग नको. असे प्रवासी एरवी लहान, महागड्या जहाजांकडे वळतात. मोठ्या कंपन्यांनी त्यांना आपल्याच जहाजावर सोय करून दिली.

महागड्या सुइटमुळेच आतल्या, बिनखिडकीच्या केबिन स्वस्त राहतात, असा युक्तिवाद या धंद्यात सर्रास केला जातो. मी तो आपल्यापुढे करणार नाही, कारण कंपन्यांचा खोलीनिहाय हिशेब कुणी ग्राहकाला दाखवत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याच्या आधारावर तक्रारदाराला गप्प करणे मला पटत नाही.

शिवाय, जिथे भेद असताच कामा नये तिथे तो नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. टायटॅनिकच्या दुर्घटनेत तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशांची जीवितहानी पहिल्या वर्गाच्या तुलनेत कितीतरी जास्त झाली. त्या दुर्घटनेनंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजच्या जहाजावर सुइटमधल्या प्रवाशालाही सुरक्षा कवायत चुकत नाही आणि लाइफबोटमधली जागा भाड्यावर ठरत नाही.

आता त्या बंद दाराविषयी. तो डेक जहाज बांधतानाच सुइटसाठी आखलेला असतो आणि डेक प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशात, तसा दाखवलेला असतो. आमच्या कार्यालयातून बुकिंगआधी प्रत्येक ग्राहकाला पाठवल्या जाणाऱ्या डेक प्लॅनवर राखीव भाग वेगळ्या रंगाने रंगवलेले असतात आणि आपल्याला पाठवलेल्या प्रतीतही ते तसे होते. जो भाग आपल्या भाड्यात कधीच धरलेला नव्हता, तो आपल्याकडून काढून घेतला असे म्हणता येणार नाही.

नाश्त्याच्या प्रसंगाचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मुलांना कार्डांचे रंग कळत नाहीत आणि कळावेत अशी अपेक्षाही नसावी. तरीही दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने केले ते नियमाला धरूनच होते. सुइटची रेस्टॉरंट लहान असतात आणि तिथल्या खुर्च्या त्या खोल्यांमधल्या प्रवाशांच्या संख्येवर बेतलेल्या असतात. प्रत्येक कुटुंबाने चार पाहुणे आणले, तर ज्या निवांतपणासाठी जास्त पैसे घेतले तोच उरणार नाही. उलट दिशेने मात्र कोणताही अडसर नसतो. सुइटमधले प्रवासी मुख्य भोजनकक्षात आणि बुफेमध्ये केव्हाही येऊ शकतात. म्हणून दोन कुटुंबांनी वेगवेगळ्या श्रेणी घेतल्या असतील, तर एकत्र जेवण मुख्य भोजनकक्षातच ठरवावे आणि ते सफरीच्या पहिल्या दिवशीच मुलांनाही सांगून ठेवावे, असे आम्ही सुचवतो. दोन्ही कुटुंबांना बरोबरच राहायचे असेल, तर दोघांनीही एकाच श्रेणीत बुकिंग करावे, मग ती कोणतीही असो.

आम्ही ग्राहकांना सुइटकडे ढकलतो, हा आरोप मात्र मला मान्य नाही. जहाज रोज नव्या बंदराला लागत असेल, तर खासगी डेक आणि लाउंज दिवसभर रिकामे राहतात आणि प्रवासी गावात फिरत असतो. अशा सफरीसाठी आम्ही बाल्कनी केबिनच सुचवतो. समुद्रातच जाणारे दिवस जास्त असतील, तर हिशेब बदलतो. सुइटसोबत मिळणारा बटलर, म्हणजे खास सेवक, हे जाहिरातीतले मोठे आकर्षण असले, तरी बहुतेक कुटुंबे त्याच्याकडून सकाळची कॉफी आणि बॅगा उघडण्यापलीकडे काही करून घेत नाहीत. याउलट ज्या सवलतीकडे कुणाचे लक्ष जात नाही, तिचे मोल कधीकधी फार असते. जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेले जाते, तेव्हा सकाळी सगळ्यांनाच पहिली बोट हवी असते. सामान्य प्रवासी क्रमांक घेऊन दालनात बसून राहतात. सुइटच्या प्रवाशांना कर्मचारी सोबत घेऊन थेट बोटीपर्यंत सोडतो. बंदरातला वेळ मोजकाच असेल आणि सोबत वयस्कर आईवडील असतील, तर या एका गोष्टीसाठी सुइट घ्यावा असे मीही म्हणेन.

याच संदर्भात आपला अभिप्राय वाचून बुकिंगच्या विचारात असलेल्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. सुइट घेतला म्हणजे राखीव भागातला प्रवेश मिळालाच, असे नसते. नॉर्वेजियनच्या जहाजांवर हेवनबाहेरही सुइट असतात आणि त्यांचे कार्ड हेवनच्या दाराला चालत नाही. एमएससीवर यॉट क्लबबाहेरच्या सुइटचेही तसेच आहे. रॉयल कॅरिबियनच्या ओअ‍ॅसिस श्रेणीच्या जहाजांवर ज्युनियर सुइटच्या (लहान सुइटच्या) प्रवाशांना सुइटच्या रेस्टॉरंटमध्ये सहसा फक्त रात्रीच्या जेवणाला प्रवेश असतो. पैसे भरण्याआधी श्रेणीचे नेमके नाव आणि त्यासोबतच्या सवलती लेखी मागाव्यात, मग बुकिंग आमच्याकडे असो वा अन्यत्र.

आता तिसऱ्या तक्रारीविषयी. मागचा डेक डेक प्लॅनवर सर्वांसाठी खुला दाखवलेला आहे. तो आपल्या भाड्यात धरलेला होता. सूर्यास्ताच्या वेळी, जेव्हा त्या डेकला खरी मागणी असते, तेव्हाच तो बंद करणे, आधी दैनिक कार्यक्रमपत्रिकेत कळवलेही नसणे, आणि आपल्या वृद्ध वडिलांना बसल्या खुर्चीवरून उठायला सांगणे, हे मी कोणत्याही युक्तिवादाने योग्य ठरवू शकत नाही. राखीव जागा आधीपासून राखीव असेल आणि विकताना तसे स्पष्ट सांगितले असेल, तर तो व्यवहार आहे. सर्वांची जागा सफर सुरू झाल्यावर काहींना देणे म्हणजे विकलेली वस्तू परत घेणे होय. सुइटधारकांसाठी समारंभ करायचाच असेल, तर त्यांच्याकडे स्वतःचे लाउंज आणि स्वतःचा डेक आहे. तो तिथेच व्हायला हवा. हा पायंडा पडला, तर आम्ही पाठवत असलेल्या रंगवलेल्या डेक प्लॅनला काही अर्थ उरणार नाही, आणि ग्राहकाला प्रामाणिकपणे सल्ला देणे आम्हालाही अशक्य होईल.

परताव्यासंबंधी: राखीव डेक आणि सुइटचे रेस्टॉरंट यांसाठी आपण पैसे भरले नव्हते, त्यामुळे त्यापोटी परतावा देता येणार नाही. मागच्या डेकबाबत मात्र आपण जोडलेली छायाचित्रे, त्या दिवशीची कार्यक्रमपत्रिका आणि डेक प्लॅन यांसह क्रूझ कंपनीकडे मी लेखी तक्रार पाठवली आहे. आपल्या केबिनपोटी जहाजावरील खर्चाची भरपाई द्यावी आणि यापुढे असा डेक बंद ठेवायचा असल्यास बुकिंगच्या वेळीच कळवावे, अशा दोन मागण्या त्यात केल्या आहेत. त्या पत्राची प्रत आपल्याला ईमेलने पाठवली आहे. कंपनीचे उत्तर आले की, ते आपल्या बाजूने असो वा विरुद्ध, मी ते याच ठिकाणी नोंदवीन.