घर बघायला येतात, पण परत येत नाहीत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर विकायला काढलं त्याला या दिवाळीला तीन वर्षं होतील. दोन्ही भाऊ बाहेरगावी, दादा पुण्यात आणि धाकटा बेंगळुरात. मी लग्न होऊन अनगोळात, स्कूटीवर दहा मिनिटं. म्हणून किल्ली माझ्याकडे. आजवर 41 माणसं घर बघून गेली, मी वहीत लिहून ठेवलंय. दर वेळी आदल्या दिवशी जाऊन झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या, कोंदट वास जावा म्हणून ऊद घातला. त्या 41 मधले दुसऱ्यांदा आले फक्त तिघे.

घर का जात नाही यावर आमच्यात फोनवर खूप चर्चा झाली. दादा म्हणतो मार्केट थंड आहे. धाकट्याच्या बायकोला वाटतं, दाराचं तोंड दक्षिणेला म्हणून. मामा म्हणतात, सीमाभागात कोण पैसा घालणार. पण याच तीन वर्षांत आमच्याच गल्लीतली दोन घरं गेली, त्यातलं एक आमच्याच ओळीतलं, तेही दक्षिणेलाच बघणारं. आणि सीमाप्रश्नाचं म्हणाल तर महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून चालूच आहे. त्या दाव्याच्या निकालाची वाट बघत घर घ्यायचा थांबलेला माणूस मला तरी बेळगावात भेटलेला नाही.

मग मी ठरवलं की जे येऊन गेले त्यांनाच विचारायचं. वहीत नंबर होतेच. 41 पैकी 26 जणांनी फोन उचलला, आणि बहुतेकांनी अगदी खरं सांगितलं. विकणाऱ्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण दोन महिन्यांनी फोन करून "घेऊ नका, फक्त का नको वाटलं ते सांगा" म्हटलं की माणसं मोकळं बोलतात. हे मी पहिल्या वर्षीच करायला हवं होतं.

आधी घर कसं आहे ते सांगते. रुंदीला 16 फूट आणि खोल 90 फूट, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडं जास्त. सोपा म्हणजे पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परसू, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, माजघरात उजेड यावा म्हणून दोन काचेची कौलं. डावी-उजवीकडच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामायिक. लहानपणी रात्री पलीकडच्या काकूंचा खोकला ऐकू आला की आई सकाळी काढा करून पाठवायची.

एका कंत्राटदाराने सांगितलं, "ताई, तुमचं घर पाडायला गेलो तर दोन्ही बाजूंची घरं उघडी पडतील. त्यांच्या तुळया तुमच्या भिंतीवर टेकल्यात." हे आम्हा तिघा भावंडांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नवीन बांधणारा माणूस आधी भिंतीचा खर्च मोजतो, शेजाऱ्यांशी होणारी बोलणी मोजतो, आणि गल्लीत गाडी येत नाही म्हणजे चौकात लावावी लागणार हेही मोजतो. आहे तसं राहायला घेणाऱ्याला बँकेचं कर्ज पाहिजे असतं, आणि कौलारू मातीच्या घरावर बँक हात आखडता घेते. त्यात आम्ही जून ते सप्टेंबर घर दाखवत होतो. पावसात बंद घराची भिंत कंबरेपर्यंत ओली असते. फोटोत ती ओल दिसत नाही. आत पाऊल टाकलं की नाकाला आधी कळते.

सोप्यातल्या फरशीचीही गंमत झाली. एका कोपऱ्यात चाललं की पोकळ आवाज येतो. चौघांनी विचारलं, खाली आड आहे का, पाया खचलाय का. मी दर वेळी "नाही हो, काही नाही" म्हणून पुढे नेत होते. तिथे खाली मागाचा खड्डा आहे. आजोबा खड्ड्यात पाय सोडून हातमाग चालवायचे. शहापूर-वडगाव-खासबागेत घरोघरी असे खड्डे होते, मग यंत्रमाग आले आणि बहुतेकांनी ते बुजवले. आमच्याकडे वर नुसती शहाबादी टाकली. मी हे का सांगत नव्हते कोण जाणे. पुढे एका जोडप्याला सांगितलं तर ते अर्धा तास तिथेच बसले आणि त्यांच्या आजोबांच्या मागाबद्दल बोलत राहिले.

किंमत हा दुसरा मुद्दा. दादाने 95 लाख धरले होते. कसे, तर टिळकवाडीतल्या नव्या फ्लॅटचा चौरस फुटाचा दर घेऊन आमच्या जागेला लावला. फ्लॅटच्या त्या दरात लिफ्ट आहे, पार्किंग आहे, नवं बांधकाम आहे. आमच्याकडे घेणारा विकत घेतो ती जमीन, आणि वरचं घर त्याला पाडायचा खर्च असतो. शिवाय कर्नाटकात घेणाऱ्याला शहरात मुद्रांक शुल्क उपकरासह 5.6 टक्के, त्यावर नोंदणी फी, जी ऑगस्ट 2025 अखेर 1 वरून 2 टक्के झाली. 95 लाखांवर हे सव्वासात लाख होतात. तो हे सगळं घरी बसून जोडतो आणि मग फोन उचलत नाही. यात त्याचं काय चुकलं?

पण किंमत जास्त असली तर माणूस घासाघीस करतो. आमच्याकडे घासाघीससुद्धा होत नव्हती. दुसऱ्यांदा आलेले तिघेही किंमत बोलायच्या आत गेले, आणि तिघेही कागद बघितल्यावर गेले.

या घराने एक इंचही न हलता किती सरकारं बघितली ते मोजा. आजोबांनी 1946 मध्ये घर घेतलं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव मात्र इंग्रजांकडे. 1948 मध्ये संस्थान विलीन होऊन आम्ही मुंबई राज्यात आलो. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो, आणि 1973 मध्ये त्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणून मूळ खरेदीखत मोडीत, पन्नाशीतले कागद मराठीत, पुढचे सगळे कन्नडमध्ये. पुण्यात वाढलेल्या भाच्यांना मराठी सोडून यातलं एक पान धड वाचता येत नाही. मी शाळेत कन्नड विषय घेतला होता म्हणून बोट ठेवून वाचते, पण मोडी मलाही येत नाही.

तरीही कागद तीन लिप्यांत आहेत म्हणून कुणी पळालं नाही. बेळगावचे वकील असले कागद रोज बघतात. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या एजंटने एका संध्याकाळी चहा पिताना विचारलं, "ताई, तुमच्या आजोबांना मुली किती?"

मी म्हटलं, दोन.

"मग त्यांची सही कुठं हाय?"

आजोबा 1987 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. नंतर घरपट्टीचा खाता बाबांच्या एकट्याच्या नावावर झाला. वारसाच्या अर्जात दोन्ही आत्यांची नावं घातलीच नव्हती. त्यात लपवायचा हेतू होता असं मला वाटत नाही. त्या काळी आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला कुणी मोजायचंच नाही, आणि बाबांनीही मोजलं नाही. बाबा 2019 मध्ये गेले. खाता बाबांच्या नावावर, म्हणजे घर बाबांचं, म्हणजे आमचं, असं धरून आम्ही विकायला निघालो.

खाता म्हणजे मालकी नव्हे. तो पट्टी कोण भरतो त्याचा कागद आहे. आणि मुलींना हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आधीच्या मृत्यूंना तो लागत नाही, असं आमच्या घरात सगळे ठामपणे म्हणत होते. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबद्दल आहे. आजोबांनी हे घर स्वतःच्या कमाईने घेतलं होतं. अशा मालमत्तेत बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा हिंदू वारसा कायद्याने 1956 पासूनच दिला आहे. म्हणजे आजोबा गेले त्या दिवशीच दोन्ही आत्या मालक झाल्या. आजी गेल्यावर तिचा वाटाही तिघांत गेला. आज हिशेब असा: थोरल्या आत्याचा तिसरा हिस्सा, वारलेल्या धाकट्या आत्याच्या तीन मुलांचा मिळून तिसरा हिस्सा, आणि आई, दादा, धाकटा, मी अशा आमच्या चौघांचा मिळून तिसरा हिस्सा.

आम्ही तीन वर्षं जे घर आमचं म्हणून विकत होतो त्याचे दोन भाग दुसऱ्यांचे होते. घेणाऱ्याचा वकील हे दहा मिनिटांत ओळखतो. उद्या कोल्हापूर-इचलकरंजीकडून एखादा आतेभाऊ दावा घालेल आणि आपले पैसे अडकतील, ही त्याची भीती अगदी बरोबर आहे. त्या माणसांना आम्ही "नुसते बघे" म्हणत होतो याचं मला वाईट वाटतं.

हे कळल्यावर फोनवर ठरलं ते असं: आत्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचं. "तिला काय करायचंय या वयात, साडीचोळी करू." मी थोरल्या आत्याकडे गडहिंग्लजला गेले. वय 81, पण कान आणि डोकं दोन्ही शाबूत. मी सगळं खरं सांगितलं, वाटा किती तेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "सोप्यातला खड्डा बुजवलासा काय गं?"

नाही म्हटल्यावर ती बोलायला लागली. घर घेताना आजोबांनी सावकाराचं कर्ज काढलं होतं, ते 1961 पर्यंत फिटत होतं. आजोबा मागावर, आणि कांड्या म्हणजे सुताच्या नळ्या भरायला आत्या. त्यासाठी तिला चौथीतून शाळेतून काढलं. धाकटीलाही पुढे बसवलं. बाबा मात्र मॅट्रिक झाले. "माझ्या हातच्या कांड्यांवर ते कर्ज फिटलंय," ती म्हणाली. "मला साडी नको. मला माझा वाटा पाहिजे."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. बहिणीने, आत्याने डोळ्यांत पाणी आणून "मला काही नको रे बाळांनो" म्हणावं आणि सगळ्यांनी तिला देवी म्हणावं, हे आपल्याकडे इतकं बघितलंय की कुणी सरळ मागितलं तर आपल्याला ते उर्मट वाटतं. दादालाही तसंच वाटलं. त्याने आठवडाभर फोन केला नाही. त्याचंही मी समजू शकते. घराचा खरा दर आता आम्ही 72 लाख धरलाय. त्यातले 24 आमच्याकडे, म्हणजे चौघांत 6-6 लाख. त्याने त्या पैशांवर पुण्यातल्या फ्लॅटचा मोठा हप्ता फेडायचं ठरवलं होतं. माझेही 6 लाखच होतात, आणि मला ते पुरेसे वाटतात असं मी म्हणणार नाही. पण आत्याचे 24 आत्याचे आहेत.

अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्याकडे सुरुवातीपासून एक अट होती, घर मराठी माणसालाच द्यायचं. ही अट मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या गल्लीत वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथासाठी रात्र रात्र जागलेली माणसं आहेत, 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळून लाठ्या खाल्लेली माणसं आहेत. एकेक घर गेलं की पोटात तुटतं. पण गल्लीतलं मराठी कमी होतंय ते आधी आम्ही मुलं पुण्याला गेलो म्हणून. वर ज्या जोडप्याबद्दल लिहिलं, मागाच्या खड्ड्यापाशी बसलेलं, ते कन्नड बोलणारं. बाई जाताना म्हणाली, "अक्का, मनि चलो ऐती," म्हणजे ताई, घर छान आहे. तिच्या आजोबांचा माग आणि माझ्या आजोबांचा माग एकाच गावात चालत होता. दादाने त्यांना परस्पर नको सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मी त्यांना पुन्हा फोन केलाय. कागद होऊ द्या, मग बघू म्हणाले.

आता काम चालू आहे. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, वंशावळ काढायला दिली आहे. आठ जणांची नावं वारसाने लागतील, ई-खाता त्या नावांनी होईल, त्याशिवाय आता नोंदणी होत नाही. हक्कसोड कुणाकडूनच घ्यायचं नाही असं ठरलंय. आठही जण खरेदीखतावर सही करतील, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात चेकने जातील. आईला आणि आत्याला प्रवास झेपला नाही तर नोंदवलेलं मुखत्यारपत्र करू. आणि पावसाळाभर घर दाखवायचं बंद. दिवाळीनंतर भिंती वाळल्या की कौलं शाकारून घेऊन मगच दार उघडायचं.

एक मदत हवी आहे. 1946 चं मूळ खरेदीखत सहा पानी मोडीत आहे, शाई दोन ठिकाणी फुटलीय. वकिलांना त्याचं देवनागरी लिप्यंतर पाहिजे, खाली वाचणाऱ्याच्या सहीसह. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात मोडी नीट वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर मला मेसेज करा. मी कागद घेऊन स्वतः येईन. आत्याला त्यात काय लिहिलंय ते ऐकायचंय.