मला भिंत व्हायचं होतं

जपानमध्ये यूरी मांगा, म्हणजे मुलीमुलींच्या प्रेमाच्या चित्रकथा, वाचणाऱ्यांची एक ठरलेली इच्छा असते. त्यांना भिंत व्हायचं असतं. चित्रातल्या दोन मुली शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसल्या आहेत, खिडकीतून ऊन येतंय, एक दुसरीच्या खांद्यावरचा धागा काढते आणि दोघी एकदम गप्प होतात. अशा वेळी त्या वर्गात आपण काय म्हणून असावं? तर भिंत म्हणून. सगळं बघावं, चकार शब्द काढू नये. ज्यांना भिंत होणं फारच जड जातं ते कोपऱ्यातली कुंडी व्हायला तयार असतात. त्याखाली कोणी उतरत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं. केवढा हा संयम! मग लक्षात आलं, आपल्याला हे झेपणार नाही. आपल्याकडे भिंतीला कान असतात, आणि कान दिले की तोंड मागून येतंच. शिवाय आपली भिंत एका जागी थांबेल याची खात्री काय? चांगदेवांना भेटायला माउली भिंत चालवत गेले होते. माझ्यातली भिंत त्याच गावची. नायिका तिसऱ्या खंडातही ‘आपण मैत्रिणी म्हणूनच बऱ्या’ असं म्हणाली की ती उठते आणि तिचा कान पिळायला निघते.

यूरी म्हणजे खरं तर लिलीचं फूल. ‘बाराझोकु’ (गुलाबांची जमात) नावाचं एक मासिक होतं, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठीचं. त्याचे संपादक इतो बुनगाकु यांनी १९७६ साली बायकांच्या पत्रांसाठी एक कोपरा उघडला आणि त्याला लिलीचं नाव दिलं, कारण गुलाब पुरुषांनी आधीच घेतला होता. उरलंसुरलं बायकांना, नेहमीप्रमाणे. पुढे मुलीमुलींच्या प्रेमाच्या गोष्टींना यूरी हेच नाव चिकटलं. आणि मला या गोष्टी.

व्याधी म्हणून ती तशी निरुपद्रवी आहे. फक्त घरी वाचता येत नाही, कारण मला वाचताना आवाज होतात. जपानी वाचक अशा वेळी ‘तोतोई’ म्हणतो. तोतोई म्हणजे पूज्य, देवासमोर हात जोडून म्हणावं असं काहीतरी. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघतं, कधी ‘मेली’, आणि एकदा आई पोळ्या लाटत असताना नुसतीच किंकाळी निघाली होती. तेव्हापासून मी लोकलमध्ये वाचते. तिथे किंकाळीकडे कोणी लक्ष देत नाही.

मी डोंबिवलीची, नोकरी फोर्टला. डोंबिवलीला फास्टमध्ये बसायला मिळणं या जन्मी शक्य नाही, म्हणून पास कल्याणचा काढलाय. सकाळी उलटं कल्याणला जायचं आणि तिथून लेडीज डब्यात मधली सीट पकडायची. खिडकीत काकू. काकूंचं नाव मला माहीत नाही. सात-आठ महिने मांडीला मांडी लावून बसल्यावर नाव विचारणं बरं दिसत नाही. कल्याण ते ठाणे त्या मांडीवर पेपर पसरून भाजी निवडतात आणि ठाणे ते दादर दुसऱ्यांच्या फोनमध्ये बघतात. समोर पार्टिशनला पाठ लावून एक कॉलेजची मुलगी उभी असते, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. भाजीची पिशवी रॅकवर ठेवायची असली की काकू ती तिच्या हातात देतात. ती डोळे न उघडता ठेवते.

तर मी तेव्हा ‘यागाते किमि नि नारु’ दुसऱ्यांदा वाचत होते. इंग्रजीत हिचं नाव ‘ब्लूम इंटू यू’. नाकातानी निओ यांची ही मालिका २०१५ ते २०१९ चालली, आठ खंड झाले. गोष्ट थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला लागले तर कर्जत येईल. यू ही पुस्तकांच्या दुकानवाल्यांची मुलगी. प्रेमाची गाणी ऐकते, गोष्टी वाचते, पण स्वतःच्या छातीत काही म्हणता काही हलत नाही. शाळेच्या विद्यार्थी मंडळातली तोको तिच्याहून एका वर्षाने मोठी, हुशार, देखणी, सगळ्यांना नकार देणारी. ती यूच्या प्रेमात पडते आणि वर अट घालते की तू मात्र माझ्या प्रेमात पडायचं नाहीस. ही अट वाचून मी पहिल्यांदा भिंत सोडली.

आणि तिसरी सायाका. सायाका तोकोची जिवाभावाची मैत्रीण, पहिल्या दिवसापासून तिच्यावर जीव टाकणारी, आणि त्यातलं अक्षर न बोलणारी. मी सायाकाच्या पक्षाची आहे. सायाकाच्या पक्षात असणं म्हणजे ज्याचं डिपॉझिट जप्त होणार हे फॉर्म भरतानाच ठाऊक आहे अशा उमेदवाराचा पाच वर्षं प्रचार करणं.

त्या दिवशी गाडी मुंब्र्याच्या अलीकडे रखडली होती आणि मी रेल्वे फाटकाच्या पानावर होते. यू आणि तोको फाटकापाशी थांबल्यात, गाडी धडधडत जातेय, आणि त्या गडबडीत तोको पटकन यूचा मुका घेते. मी फोन जरा कलता केला. कलता फोन हे शेजारच्या बाईला आमंत्रण असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

“हे फाटक ना गं?” काकू म्हणाल्या. मेथीची काडी हातात तशीच.

“हो.”

“गाडी येतेय आणि या दोघी फाटकात काय करतायत?”

“फाटकाच्या बाहेर आहेत, काकू.”

“मग ठीक. दिव्याच्या फाटकात कोण थांबलं की मागच्या चार गाड्या लटकतात.”

मी थुंकी गिळली. या प्रसंगासाठी माझं एक भाषण तयार होतं. वर्षानुवर्षं घासून ठेवलेलं, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालापासून सुरू होऊन जपानपर्यंत जाणारं. पण ऐन वेळी तोंडातून निघालं, “मैत्रिणी आहेत.”

यात मी एकटी नाही. ‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेतल्या हारुका आणि मिचिरु या दोघी प्रेमिका. इंग्रजी डबिंग करणाऱ्यांचीही अशीच बोबडी वळली आणि त्यांनी दोघींना चुलत-मावसबहिणी करून टाकलं. चाहते आजतागायत त्यावर हसतात, कारण नातं बदललं तरी नजरा तशाच राहिल्या. ही युक्ती महाराष्ट्रात तर अजिबात चालली नसती. इथे मामे-आतेभावंडं म्हटलं की लोक पत्रिकाच छापायला घेतात.

“मैत्रिणी असतील,” काकू म्हणाल्या, “पण त्या धाकटीच्या तोंडाकडे बघ. तिला आवडलंय का नाही, काही कळेना.”

मी काकूंकडे बघतच राहिले. बाईने गोष्टीची नस धरली होती. यूला खरंच काही वाटतं की नाही, यावर जगभरचे वाचक एकमेकांच्या उरावर बसले आहेत. काही म्हणतात, तिला प्रेमात पडायचंच नसतं, अशी माणसं असतात, त्यांना कुठे नव्हे ते या गोष्टीत स्वतःचं तोंड दिसलं होतं आणि शेवटी लेखिकेने ते पुसलं. काही म्हणतात, तिला पहिल्यापासून वाटत होतं, फक्त गाण्यात सांगतात तसं वाटत नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही. या भांडणावर लोकांनी रात्री घालवल्या आहेत. काकूंनी ते मेथी निवडता निवडता मांडलं, तेही पान उजवीकडून वाचायचं असतं हे ठाऊक नसताना.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. काकूंना रोज पुढचं हवं. मी पान उलटायला उशीर केला तर कोपराने ढोसत, लवकर उलटलं तर “थांब की” म्हणत. कडेच्या सीटवरच्या बँकेतल्या ताईंनी मान वळवायला सुरुवात केली, आणि एका सकाळी त्या म्हणाल्या, “आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.” आंधळं म्हणजे सायाका. म्हणजे दुसरं कोण ते उघडच आहे. मी सायाकाच्या बाजूची असूनही मला यूसाठी इतका संताप आला, की ठाण्यापर्यंत आम्ही बोललो नाही.

तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर रोज कोणीतरी नवीन असायचं. “जरा सरका” म्हणत अर्ध्या मांडीवर टेकायचं आणि विचारायचं, “यात हिरो कुठाय?” जपानी चाहत्यांनी अशा माणसासाठी खास शब्दप्रयोगच करून ठेवलाय, ‘यूरीच्या मध्ये घुसणारा पुरुष’. दोघी सुखाने बसल्यात आणि हा मध्ये टेकायला बघतो. त्याच्याइतका तिरस्कार ते खलनायकाचाही करत नाहीत. मला तो शब्द समजून घ्यावा लागला नाही. सेंट्रल रेल्वेवर चौथी सीट असते. या गोष्टीत माकी नावाचा एक मुलगा आहे, त्याला सगळं कळलेलं असतं, पण त्याला फक्त प्रेक्षकांत बसून बघायचं असतं. चाहते त्याच्यावर खूश का, हे काकूंना एका वाक्यात कळलं. “उभा राहतो बिचारा. सीट मागत नाही.”

मग सायाकाच्या आधीच्या शाळेतलं प्रकरण आलं. मोठ्या वर्गातली एक मुलगी स्वतः होऊन तिला मागणी घालते, आणि वर्ष उलटल्यावर सांगते की ते सगळं लहानपणीचं होतं, आता पुरे. चार-दोन पानांची ही बया. तिला जगभरातून जितके शिव्याशाप मिळालेत, तेवढे आठ खंडांच्या नायिकांना मिळून प्रेम मिळालं नसेल. काकूंनी भर घातली ती मी इथे लिहू शकत नाही, पण घाटकोपरला उतरणाऱ्या दोघी त्यामुळे दारात थबकल्या.

“हे जुनं दुखणं आहे, काकू,” मी म्हटलं आणि भाषणाचा दुसरा भाग एकदाचा वापरला. योशिया नोबुको नावाच्या लेखिकेने १९१६ पासून ‘हाना मोनोगातारी’ या मालिकेत एकेका फुलाच्या नावाने गोष्टी लिहिल्या. मुलींच्या शाळा, ताई म्हणावं अशी मोठी मुलगी, चिठ्ठ्या, आणि शेवटी ताटातूट. लग्न तरी होतं, नाहीतर मरण तरी येतं. मुली उशा भिजवायच्या. तिथून पुढे कित्येक वर्षं अशा गोष्टींत शाळा संपली की प्रेम संपायचं. आणि योशियाबाई स्वतः? १९२३ मध्ये त्यांना मोनमा चियो भेटल्या आणि १९७३ मध्ये बाई जाईपर्यंत दोघी बरोबर राहिल्या. लग्न कायद्यात बसत नव्हतं, म्हणून १९५७ मध्ये योशियांनी चियोंना रीतसर दत्तक घेतलं.

काकूंनी मेथी बाजूला ठेवली. “म्हणजे हिने आपला संसार केला पन्नास वर्षं, आणि लोकांच्या पोरींना रडवलं?”

“हो.”

“हुशार बाई.”

गोष्टीत क्योतोची सहल आली तेव्हा मी दोन दिवस फोन पर्समधून काढलाच नाही. सातव्या खंडात सायाका तोकोला शेवटी सांगते, आणि तोको नाही म्हणते. मला ते माहीत होतं. ते पुन्हा, आणि साक्षीदारांसमोर, वाचायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी काकूंनी हात पुढे केला. मी फोन दिला. डोंबिवली गेली, ठाणं गेलं, गर्दी आत घुसली, माझ्या डोक्यावर कोणाची तरी डब्याची पिशवी आपटत होती. काकू एकेक चित्र बोटाने मोठं करून बघत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही. येण्याची गरज नव्हती.

“ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,” त्या अखेर म्हणाल्या. “मग ताक दुसरीला जाणारच. चांगली मुलगी आहे गं. पण दोन वर्षं कशाची वाट बघत होती?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पिशवीमुळे आलं असं मी सांगितलं.

शेवटच्या खंडापर्यंत पोचायला पावसाळा उजाडला. शेवटी गोष्ट तीन वर्षं पुढे जाते. यू आणि तोको छान आहेत. बँकेतल्या ताईंनी चिक्की वाटली. दादर जवळ आलं तशा काकू पदर खोचून उठल्या, आणि दाराकडे सरकता सरकता थांबल्या.

“आणि ती? भांडंवाली?”

“तिचंही झालं चांगलं. कॉलेजात भेटली एक मुलगी.”

“कोण? नाव काय? स्वभाव कसाय?”

इथे मी अडकले. सायाकावर तीन वेगळ्या कादंबऱ्या आहेत, २०१८ ते २०२० मध्ये आलेल्या. पहिल्या दोन मी वाचल्या. तिसरीत ती मुलगी येते, आणि तिसरी मी विकत घेऊन ठेवलीय, उघडलेली नाही. सायाकाच्या लायकीची मुलगी जगात असू शकते हे माझं मन मानत नव्हतं.

“म्हणजे पोरगी उजवली,” काकू म्हणाल्या, “आणि तू बघायलासुद्धा गेली नाहीस?”

डबा गप्प झाला. पार्टिशनपाशी उभ्या असलेल्या मुलीने डोळे उघडले, एका कानातला इअरफोन काढला.

“हारू,” ती म्हणाली. “एदामोतो हारू. ज्युनिअर आहे तिची. भेटते तेव्हा रडत असते, पण चांगली आहे.”

आणि इअरफोन परत कानात घातला. त्याची वायर खाली तिच्या ओढणीवर मोकळीच लोंबत होती, कशालाही न जोडलेली.

काकूंनी तिला आपादमस्तक पाहिलं, तिच्या हातून पिशवी घेतली आणि गाडी थांबता थांबता माझ्या सीटकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, “उद्यापासून तू इथे बस.”

आता ती मधल्या सीटवर असते, आणि पार्टिशनला पाठ लावून मी. भाजीची पिशवी रॅकवर मीच ठेवते.