ग्रोमिटला तोंड नाही

दिवाळीत नाशिकच्या चुलतभावाशी फोनवर वाद झाला. विषय जुनाच. त्याचं म्हणणं, मराठीत मुलांसाठी सिनेमे निघत नाहीत कारण पैसा नाही, आणि निघाले तरी मुलं ढुंकून बघणार नाहीत, त्यांना हॉलिवूडचा झगमगाट लागतो. वर शेपूट होतंच : ‘तू ब्रिस्टलला बसून बोलतेस, तुझं काय जातंय!’

शेपूट खरं असल्यामुळे झोंबलं. पण मग ब्रिस्टलचंच सांगते.

इंग्लंडमधल्या या गावात आर्डमन नावाचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळेपासूनच्या दोन मित्रांनी 1972 साली सुरू केलेला. चीजवेडा संशोधक वॉलेस, त्याचा शहाणा कुत्रा ग्रोमिट आणि शॉन नावाची मेंढी ही सगळी मंडळी इथली. अंगं प्लॅस्टिसिन नावाच्या मऊ मातीची. हे प्लॅस्टिसिनही शेजारच्या बाथमधल्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने 1897 च्या सुमारास शोधलेलं. आपला शाडू वाळतो, हे वाळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा वळवता येतं. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फोटो लागतात. दिवसभर राबून दोन-चार सेकंद पदरात पडले तरी खूप झालं.

वॉलेस-ग्रोमिटचा पहिला लघुपट त्यांचा जनक निक पार्क याने 1982 साली विद्यार्थी असताना हाती घेतला, तो पुरा झाला 1989 मध्ये. ग्रोमिटला आधी आवाज द्यायचा विचार होता. काम करता करता पार्कच्या लक्षात आलं की नुसत्या भुवया हलवल्या तरी पुरतं. म्हणून ग्रोमिटला तोंडच नाही. कपाळाची एक वळी चढली की मालकाबद्दलचं त्याचं मत आपल्याला कळतं. (आमच्या घरी हे काम आई करते.)

आई गेल्या उन्हाळ्यात तीन महिने इथे होती. इंग्रजी सिनेमाला ती पाच मिनिटांत पेंगते. शॉनच्या मालिकेत मात्र संवादच नाहीत, त्यामुळे ती नातवाच्या बरोबरीने हसत होती. मध्येच म्हणाली, “अगं, याच्या अंगावर बोटांचे ठसे दिसतायत!” लहानपणी पोळ्याला मातीचे बैल केलेले तिचे हात. इतकी वर्षं इथे राहून माझ्या नजरेत ते आलं नव्हतं.

आणि हे सगळं किती गावठी आहे! वॉलेसची उत्तर इंग्लंडची बोली, लाल विटांची घरं, चहाची किटली, वेन्सलीडेल चीज. हॉलिवूडच्या ड्रीमवर्क्सशी आर्डमनची भागीदारी होती, ती 2007 साली संपली. वॉलेसचा चहा आणि चीज मात्र जागच्या जागी राहिलं.

पैशाबाबत भाऊ निम्मा बरोबर आहे. इथे बीबीसी आहे आणि तिच्यासाठी टीव्ही बघणारं प्रत्येक घर वर्गणी भरतं. खात्यातून ती वळती झाली की मीही कुरकुरते. पण 2024 च्या नाताळच्या संध्याकाळी वॉलेस-ग्रोमिटचा नवा चित्रपट बीबीसी वनवर लागला, तेव्हा माझ्या मुलानेही टॅबलेट बाजूला ठेवला. एरवी तो ठेवत नाही, हेही लपवत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलांसाठी खास केलेला मराठी चित्रपट दाखवायचं कुठल्या वाहिनीच्या मनात येईल?

झगमगाटाचं म्हणणं मात्र मला पटत नाही. भावाच्या जिल्ह्यातल्या, त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला आणि सिनेमासाठी पैसे उभे करायचे म्हणून आधी काय टिपलं, तर कुंडीतला वाटाणा! दिवसामागून दिवस, थोडं थोडं. पडद्यावर त्याचा भराभर वेल झाला. युक्ती तीच, थांबत थांबत चित्र घ्यायची. झगमगाट कुठे होता त्यात?

हे मी भावाला सुनावलं. तो म्हणाला, “बरं, मग?” त्याच्या मुलींचा किल्ला अजून पार्किंगमध्ये उभा होता. म्हटलं, मोबाइल विटेवर टेकव, एक मावळा केसभर पुढे सरकव, फोटो काढ, पुन्हा सरकव.

परवा मुलींनी 30 फोटो पाठवले. म्हणजे सव्वा सेकंद. मावळा दोन पावलं चालतो आणि खंदकात पडतो.