सात टाक्या, एक हवा

आमच्या घरात माशांच्या सात टाक्या, म्हणून सात एअर पंप. यंत्रमागांच्या खटखटीत वाढलेल्या आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसाला त्यांच्या गुरगुरीचं काही वाटत नाही, पण पुण्याहून आलेले मेहुणे हॉलमध्ये झोपले आणि सकाळी लॉजची चौकशी करू लागले. मग ठरलं, एकच मोठा पंप बसवायचा. तोही माळ्यावर. पाण्याच्या पातळीपेक्षा पंप उंच असला की वीज गेल्यावर नळीतनं पाणी उलटं येऊन त्यात शिरत नाही. आईचे शेंगाचटणीचे डबे खाली उतरले, पंप वर चढला.

भिंतीवरनं पीव्हीसी पाइप फिरवायला प्लंबर आला. त्यानं विचारलं, "पाणी कुठनं जोडायचं?"

"पाणी नाही, नुसती हवा."

"मग नवीन लाइन कशाला साहेब? नळाला हवाच येती की."

चार-पाच दिवसांनी उजनीचं पाणी येतं त्या गावात याला उत्तर नाही.

खरी परीक्षा प्रत्येक टाकीच्या नळीवरच्या व्हॉल्व्हची. हवेला जिथं अडथळा कमी तिथं ती पळते. दर १० सेंटिमीटर खोलीला साधारण १ किलोपास्कल दाब जास्त लागतो. त्यामुळं फायटर माशाच्या वीतभर टाकीत पाणी उसळून बाहेर, आणि दीड फूट खोल एंजलच्या टाकीत बुडबुड्याचा पत्ता नाही. वाढप्याच्या दारापाशी बसलेल्यांचीच पानं भरावीत तसला कारभार. फायटरचा व्हॉल्व्ह आवळला की गप्पींचा स्पंज फिल्टर नाचायला लागतो. गप्पींना आवरलं की आतनं बायकोची हाक, "अहो, मॉलीचं पाणी सोफ्यावर उडतंय!" एकाला हात लावला की बाकीच्या सहांचं बिनसतं. शेवटी एंजलचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून बाकीच्यांना त्याच्या हिशेबानं आवळत गेलो, तेव्हा कुठं जमलं.

तरी हवा उरलीच. ती कोंडली तर पंप तापतो, आतला रबरी पडदा फाटतो. म्हणून पाइपाच्या टोकाला जादा हवेसाठी एक तोटी सोडली. तिचा सुस्स आवाज ऐकून आईनं दोनदा गॅस सिलिंडर बंद केला. आता तोटीला स्पंज बांधलाय.

आणि मग मे महिना. पारा ४३ वर, रात्री वीज गेली, सातही टाक्या एकदम बंद. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, पंखा आणि पंप दोन्ही पहाटेपर्यंत ओढवत नाही. मी आईला समजावलं, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ ला ७ सुद्धा नाही.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मासे निदान पाण्यात तरी हायेत रे. पंखा लाव."