डायनॅमोवरचा हायड्रोजन आणि ‘दाबून टाकलेला’ शोध

मच्छीमारांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: इंजिनाच्या डायनॅमोवर पाण्यातून हायड्रोजन काढा, डिझेल निम्म्यावर येतं. समुद्राचं पाणीही चालतं. शोध अमेरिकेतल्या स्टॅनली मेयरचा; तेल कंपन्यांनी त्याला विष घातलं आणि पेटंट कुलपात टाकलं.

आधी डिझेलचं बघू. हायड्रोजन काढायचा 12 व्होल्ट, 20 अँपिअरचा किट धरा, आत सहा सेल (पाण्यात बुडालेल्या प्लेटांच्या जोड्या) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेले. एका सेलमधून एक अँपिअर गेला की मिनिटाला साधारण 11 मिलीलिटर वायू (हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून) सुटतो. फॅरेडेचा हा नियम दोनशे वर्षं होत आली तरी हललेला नाही. म्हणजे किटचा वायू मिनिटाला सव्वा-दीड लिटर. तो जाळून उष्णता मिळते जेमतेम 150 वॉट. किट वीज खातो 240 वॉट. ती द्यायला डायनॅमो इंजिनाकडून चारशेच्या वर वॉट ओढतो, आणि तेवढ्यासाठी इंजिन बाराशे वॉटचं डिझेल जाळतं. आठ घालून एक परत! शिवाय 100 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला वीसेक लिटर डिझेल, म्हणजे सुमारे 200 किलोवॉट उष्णता, खातं. त्यात 150 वॉट म्हणजे हजारात एक भागसुद्धा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘वायूमुळे डिझेल पूर्ण जळतं.’ सुस्थितीतल्या इंजिनात 98 टक्क्यांहून जास्त डिझेल तसंही जळतंच. काळा धूर येत असेल तर नोझल आणि एअर फिल्टर बघा.

समुद्राच्या पाण्याची सूचना मात्र नुसती चुकीची नाही, जिवावरची आहे. खाऱ्या पाण्यात वीज सोडली की पॉझिटिव्ह प्लेटवर क्लोरिन सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे डेकखालच्या इंजिनरूममध्ये तळाशी साचतो, आणि नट आवळायला खलाशी तिथेच वाकलेला असतो. स्टीलच्या प्लेटांना भोकं पडतात, पाणी तपकिरी होतं. त्या गाळात विषारी क्रोमियम असू शकतं, हात घालू नका. वीज वाहावी म्हणून कॉस्टिक सोडा टाकून गोडं पाणी वापरलं तरी सुटका नाही. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असला तरी पेटतो आणि इथे तर तो ऑक्सिजन सोबत घेऊनच निघतो. ज्वाला नळीतून उलटी बबलरपर्यंत (वायू ज्यातून जातो त्या पाण्याच्या बाटलीपर्यंत) येते, प्लास्टिकचा बबलर फुटतो आणि कॉस्टिक डोळ्यांत जातं.

मेयरचं प्रकरण नोंदीत आहे. पैसे गुंतवलेल्या दोघांनी खटला भरला, तज्ज्ञांनी सेल तपासला तर साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं. 1996 मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ही फसवणूक ठरवून 25,000 डॉलर परत करायला लावले. 1998 मध्ये तो वारला. शवचिकित्सेत कारण निघालं मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा. पेटंटं छापलेली आहेत, कुणीही वाचावीत. मुदत संपल्यामुळे देवगडच्या वर्कशॉपनेही फुकट बनवून बघावीत. पेटंट म्हणजे शोध उघड करण्याच्या बदल्यात मिळणारा हक्क. ते घेऊन शोध लपवता येत नाही, आणि पेटंट मिळालं म्हणून यंत्र चालतं असंही नाही.

आपलं केंद्र सरकार हायड्रोजन दाबतंय म्हणावं, तर 2023 मध्ये त्याच सरकारने हरित हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी रुपये मंजूर केले.

उरतो शेवटचा मुद्दा: ‘अमक्याच्या बोटीवर फरक पडला.’ पडला असेलही. किट बसतो जून-जुलैच्या बंदीत. त्याच वेळी बोट वर ओढलेली असते, तळाची कालवं-शेवाळ खरवडून रंग दिला जातो, पंखा (प्रोपेलर) साफ होतो, ऑइल बदलतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेऱ्यांना डिझेल कमी लागतंच, किट असो वा नसो.

खात्री हवी तर एकाच दिवशी, त्याच लोडवर मोजा. 20 लिटरचा कॅन वजनकाट्यावर तोलून इंजिनाला जोडा. ठरलेल्या आरपीएमवर, जीपीएसवर मोजलेल्या दोन मैलांच्या टप्प्यात जा आणि परत या, म्हणजे भरती-ओहोटीचा ओढ वजा होतो. एक फेरी किट चालू, एक बंद, पुन्हा एक चालू. प्रत्येक फेरीनंतर बंदरात कॅन तोला. बंद फेरीत किटची वायर काढून ठेवा, नाहीतर डायनॅमोवरचा भार तसाच राहतो. आणि इंजिनाची रिटर्नची नळी त्याच कॅनमध्ये सोडा. ती मुख्य टाकीत गेली तर परतलेलं डिझेलही जळालेल्यात धरलं जातं आणि आकडे वाट्टेल ते येतात.